राहून गेलेला फोन

सदाशिव पेठेतल्या एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आंतरराष्ट्रीय स्त्री-शांतता परिषदेचं मुख्य कार्यालय आहे, असं कुणाला सांगितलं तर तो आधी तुमच्याकडे बघायचा आणि मग जिन्याकडे. जिना लाकडी, अरुंद, दिवसाही दिवा लावावा लागे असा. खाली झेरॉक्सचं दुकान, पहिल्या मजल्यावर स्पर्धा परीक्षांचा क्लास आणि दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त प्राध्यापक. त्यांनी आपल्या दाराशी स्वच्छ अक्षरात पाटी लावली होती : 'वरच्या मजल्यावर शांततेसाठी जाणाऱ्यांनी सुरुवात जिन्यापासून करावी.' परदेशातून आलेल्या एका बाईंनी या पाटीचा मोठ्या कौतुकाने फोटो काढून नेला. तिचा अर्थ त्यांना कुणी सांगितला नाही.

परिषदेचं मुख्यालय खरं तर फिरतं. काही वर्षं एका देशात, काही वर्षं दुसऱ्या. पुण्याची पाळी आली आणि ती संपल्यावर हे लोढणं गळ्यात बांधून घ्यायला दुसरा कुठला देश पुढे आला नाही. शिकायला आलेली मुलं पुण्यातच राहून जातात, तसं मुख्यालयही राहिलं. आणि ते राहिलं म्हणून शर्मिला ओव्हाळ यांचा जन्म त्या तिसऱ्या मजल्यावर गेला.

शर्मिलाताई मूळच्या बोपोडीच्या. वडील भीमराव खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. दिवसभर बंदुकीच्या गोळ्या आणि संध्याकाळी घरी येऊन हातपाय धुतले की बुद्धवंदना. मुलीने बीकॉम केलं, टायपिंग शिकली आणि शांतता परिषदेत चिकटली, तेव्हा भीमरावांनी कारखान्यात पेढे वाटले. 'आमच्या घरात आता दोन्ही खाती आहेत,' ते सांगायचे. 'मी माल काढतो, पोरगी तो वापरू नका म्हणून जगाला कळवते.'

लोकांना वाटतं, शांततेचं काम म्हणजे मेणबत्त्या, भाषणं आणि पांढरी कबुतरं. शर्मिलाताईंचा कबुतरांशी संबंध आला तो खिडकीतून त्यांना हाकलण्यापुरताच. त्यांचं काम होतं चिकट आणि न दिसणारं. सुदानच्या बाईंचं नाव पासपोर्टवर एका तऱ्हेने आणि अर्जावर दुसऱ्या तऱ्हेने असायचं, ते एकसारखं होईपर्यंत वकिलातीला फोन करत बसायचं. ऑनलाइन सभेची अशी वेळ काढायची, की कुणा एकीचीच दर वेळी झोपमोड नको. कोण काय खात नाही, कुणाला तळमजल्यावरची खोली लागते, कोणाचा दुभाषा कोणाशी बोलत नाही, हे सगळं डोक्यात ठेवायचं. एकदा पुण्यात अधिवेशन होतं. एकमेकांशी लढणाऱ्या दोन देशांच्या बाया येणार होत्या. त्यांना वेगवेगळ्या मजल्यांवर ठेवा, अशी वरून सूचना होती. खोल्या कमी पडल्या आणि शर्मिलाताईंनी दोघींना एकाच खोलीत टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी मिळून तक्रार घेऊन आल्या, की गीझर चालत नाही. त्या अधिवेशनात दोन्ही बाजूंना मान्य झालेली ती एकच गोष्ट होती, असं शर्मिलाताई पुढे अनेक वर्षं सांगायच्या.

आता परिषदेचा एक नियम सांगितला पाहिजे, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. परिषदेत मतदान होत नसे. मतदान झालं की कुणीतरी जिंकतं आणि कुणीतरी हरतं, आणि शांततेच्या घरात हार-जीत नको, असं संस्थापक बायांचं म्हणणं. मग ठराव मेलने सगळ्या समन्वय मंडळाला जायचा आणि आठवडाभर वाट बघायची. त्या आठवड्यात एकीनेही आक्षेप घेतला तर ठराव थांबला. कुणीच काही बोललं नाही तर ठराव झाला. कार्यालयात या आठवड्याला 'मौन' म्हणत. 'सध्या कुठलं मौन चालू आहे?' असं तिथे सहज विचारलं जाई. मौन सुरू करायचं शर्मिलाताईंनी, संपवायचंही त्यांनीच. आठवडा सरला की त्या सगळ्या जगाला एका ओळीचा मेल पाठवत : मौन पूर्ण झाले, ठराव संमत.

पण या मेलच्या आधी त्या एक गोष्ट करत, जी नियमात कुठेही नव्हती. जी बाई गप्प आहे, तिला त्या फोन करत. फिजीच्या बाईंच्या बेटावर वीज नसायची. नैरोबीच्या बाई मेल उघडतच नसत. त्यांना आपल्या बेताच्या इंग्रजीत विचारायचं, की बाई, तुम्ही राजी आहात म्हणून गप्प आहात, की नुसत्याच गप्प आहात? वरिष्ठ म्हणायचे, कशाला हा उपद्व्याप, नियम स्पष्ट आहे. त्यावर शर्मिलाताईंचं उत्तर ठरलेलं होतं. 'माझ्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा मीही गप्पच होते. सगळे धरून चालले, की पोरगी राजी आहे.' नवरा संजय काही वाईट माणूस नव्हता, अकाली गेला बिचारा. पण त्यांना कुणी विचारलं नव्हतं, एवढं खरं.

या फोनांमधला सगळ्यात लाडका फोन गंज पेठेत जायचा.

समन्वय मंडळात एक जागा यजमान शहरातल्या बाईची असे. तिथे जिनत आतार होत्या. गंज पेठेत त्यांच्या नवऱ्याचं, कासिमभाईंचं, अत्तर आणि उदबत्तीचं दुकान. दुकानामागे घर. जिनतआपा शर्मिलाताईंहून पाच-सात वर्षांनी मोठ्या, बोलायला फटकळ, आणि चहात आलं घातलं नाही तर तो चहा न मानणाऱ्या. त्यांचं मेलचं खातं शर्मिलाताईंनीच उघडून दिलं होतं आणि आपांनी ते त्याच दिवशी विसरून टाकलं होतं. म्हणून शर्मिलाताई प्रत्येक ठरावाचं मराठी करत, मेलला जोडत, आणि वर मौनाच्या शेवटच्या संध्याकाळी फोन करून तो वाचूनही दाखवत. आपा पलीकडून ऐकत. आवडलं तर 'चालतंय' म्हणत. नाही आवडलं तर 'नको गं बाई.' त्या 'नको गं बाई'ने दोनदा मोठमोठ्या देशांचे ठराव अडवले होते आणि ते कुणी अडवले हे त्या देशांना कधी नीट उमगलं नाही.

आपांचं खरं काम मात्र मंगळवारचं. दर मंगळवारी दुपारी त्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाहेरच्या खोलीत सतरंजी पडायची आणि आसपासच्या पेठांमधल्या बाया येऊन बसायच्या. गंज पेठेतल्या, लोहियानगरातल्या, कसब्यातल्या, सगळ्या पायी येणाऱ्या. कुणी लसूण सोलत बसे, कुणी ब्लाउजला हुकं लावी. भाषण नाही, ठराव नाही. मंडईत लिंबू-मिरची विकणाऱ्या चंपाबाई आणि जिनतआपा यांचं तर अखंड भांडण चाले, की खिमा चांगला की भरली वांगी. यात शांतता कुठे आहे, असं एका पाहुणीने विचारलं होतं. तिला शर्मिलाताईंनी एक किस्सा सांगितला. एकदा पेठेत मोबाइलवरून बातमी फिरली, की चंपाबाईंच्या पोराला, चेतनला, आपांच्या गल्लीत मारलं. गणेश मंडळाची पोरं गोळा व्हायला लागली. आपांनी चंपाबाईंना फोन लावला. 'तुझा चेतन कुठाय?' 'माझ्यासमोर जेवतोय.' 'मग मार कुणी खाल्ला?' चंपाबाई जेवत्या पोराला दंडाला धरून चौकात घेऊन गेल्या आणि सगळ्यांना दाखवून परत आणला. तिथे ते प्रकरण मिटलं. अहवालात लिहिण्यासारखं त्यात काही नव्हतं, तरी शर्मिलाताईंनी ते लिहिलं होतं.

असं सगळं सुरळीत चाललं होतं. मग गुडघे आले.

मुलगा आयुष खराडीत सॉफ्टवेअरमध्ये लागला, तिथेच त्याने फ्लॅट घेतला आणि आईला घेऊन गेला. खराडीहून सदाशिव पेठ म्हणजे दोन बस, आणि दुसरी बस आली तर. वर तो जिना. शर्मिलाताई प्रत्येक मजल्यावर थांबून श्वास घेत. दुसऱ्या मजल्यावर थांबल्या की प्राध्यापक दार किलकिलं करून म्हणत, 'चढावं लागतंच, बाई. शांतता वर आहे.' घरी गेल्यावर त्या गरम पाण्याची पिशवी गुडघ्यांवर घेऊन बसत आणि आयुष म्हणे, 'आई, बास कर ना आता.' पण काम सोडायचं त्यांच्या मनात येत नव्हतं. काम सोडलं तर मी कोण, असा साधा प्रश्न होता.

अशात परिषदेवर अक्षता नावाची नवी कार्यकारी संचालक आली. परदेशात शिकलेली, हुशार, आणि मनाने चांगली. तिच्यावर राग धरता आला असता तर शर्मिलाताईंना पुढे बरं पडलं असतं. खराडीतल्या एका बड्या कंपनीने तिला आपल्या इमारतीतला अर्धा मजला परिषदेसाठी फुकट देऊ केला. काचेच्या भिंती, लिफ्ट, दुभाष्यांच्या खोल्या, कधी न अडखळणारं इंटरनेट. आयुषच्या फ्लॅटपासून रिक्षाने दहा मिनिटं. वर अक्षता म्हणाली, 'ताई, तिथे तुमची स्वतःची केबिन असेल. बाहेर बोर्ड लागेल, प्रशासन प्रमुख. इतकी वर्षं तुम्ही सगळं रन करताय, पण तुमचं डेझिग्नेशन अजून क्लार्कचंच आहे. मला ते बरं वाटत नाही.'

शर्मिलाताई त्या संध्याकाळी बसमध्ये उभ्याने घरी गेल्या, पण गुडघे दुखल्याचं त्यांना कळलं नाही.

मुख्यालय हलवायचा ठराव तयार झाला. मंगळवारच्या बैठकीचं काय, हा प्रश्न अक्षतालाही पडला होता. खराडीला पेठांमधून कोण बाई येणार? तेव्हा शर्मिलाताईंनीच एक वाक्य सुचवलं : 'स्थानिक उपक्रमांची पर्यायी व्यवस्था यथावकाश करण्यात येईल.' यथावकाश या शब्दाच्या पोटात काय काय मावतं, हे ज्याने कधी कचेरीचं पत्र वाचलंय त्याला सांगायला नको. त्यांनी ठरावाचं मराठी केलं, नेहमीपेक्षा जरा जास्तच नीट केलं, मेलला जोडलं आणि मौन सुरू केलं.

त्या आठवड्यात त्यांनी नैरोबीला फोन केला. फिजीला तीनदा केला. गंज पेठेचा नंबर लावला नाही. आपा काय म्हणणार हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. पलीकडून 'नको गं बाई' आलं असतं, आणि एकदा ते आलं की खराडी नाही, लिफ्ट नाही, दारावरचा बोर्ड नाही. मधे मंगळवार आला. आपा बैठकीला येणार, समोर बसणार. शर्मिलाताईंनी मंगळवारीच गुडघ्याच्या डॉक्टरांची वेळ घेतली. डॉक्टर बुधवारीही असतात.

शेवटची संध्याकाळ येऊ नये तशी आली. शर्मिलाताई घरी मेथी निवडत बसल्या होत्या आणि मोबाइल शेजारी ठेवला होता. मेथी निवडून झाली की करू, असं त्यांनी ठरवलं. मेथी निवडून झाली. मग कणीक मळली. मग वाटलं, आत्ता आपांची नमाजाची वेळ असेल. मग वाटलं, आता जेवत असतील. मेल तर त्यांनाही गेलाच आहे. आक्षेप असता तर कळवला नसता का? हा विचार मनात आला तेव्हा शर्मिलाताईंना स्वतःचीच लाज वाटली, कारण आपा मेल उघडत नाहीत हे जगात सगळ्यात चांगलं त्यांनाच माहीत होतं. लाज वाटली आणि तरी त्यांनी फोन उचलला नाही.

सकाळी कार्यालयात गेल्यावर अक्षताने विचारलं, 'सगळं क्लियर ना ताई? जिनतआपा ओके आहेत?'

'काही आक्षेप आलेला नाही,' शर्मिलाताई म्हणाल्या.

वाक्य अक्षरशः खरं होतं. मग त्यांनी जगाला मेल पाठवला. मौन पूर्ण झाले, ठराव संमत.

सामान हलवायच्या दिवशी जिनतआपा आणि चंपाबाई आल्या. शर्मिलाताईंचा जीव टांगणीला लागला होता. आता आपा बोलणार, चार बायांत पाणउतारा करणार, आणि करू देत, असंही वाटत होतं. पण आपांनी नुसती सतरंजी झटकली, घडी घातली आणि चंपाबाईंच्या हातात दिली. मग शर्मिलाताईंकडे वळून म्हणाल्या, 'तिकडे लिफ्ट आहे ना?'

'आहे, आपा.'

'बरं झालं.'

एवढंच. शर्मिलाताईंना तो टोमणा वाटला. इतका नेमका टोमणा आपाच मारू शकतात, असं त्यांच्या मनात आलं आणि तो त्यांनी खराडीपर्यंत जपून नेला. आपण चुकलो हे मान्य करण्यापेक्षा समोरचा बोचरं बोलला हे आठवत राहणं सोपं पडतं. त्यांनी पुढची काही वर्षं तेच केलं.

खराडीत सगळं झालं. केबिन मिळाली, बोर्ड लागला. आयुषने बोर्डासमोर आईचा फोटो काढून भीमरावांच्या जुन्या फोटोशेजारी फ्रेम करून लावला. लिफ्ट तर इतकी गुळगुळीत चालायची की आपण वर चाललोय हे कळत नसे. गुडघे सुधारले. मंगळवारच्या बैठकीची पर्यायी व्यवस्था यथावकाश राहिली. समन्वय मंडळावर आपांची मुदत संपली आणि त्यांच्या जागी औंधच्या एक बाई आल्या. त्या मेल वाचत असत, उत्तरही देत, त्यामुळे फोन करायची गरज उरली नाही.

पुढच्याच्या पुढच्या वर्षी लाउडस्पीकरच्या आवाजावरून पेठेत काहीतरी बाचाबाची झाली. मग मोबाइलवरून एक बातमी फिरली. ती खोटी होती, पण ती खोटी आहे हे कुणी कुणाला विचारलं नाही, कारण विचारणाऱ्या बाया एव्हाना आपापल्या घरी होत्या. कुणीतरी दगड मारला आणि कासिमभाईंच्या दुकानाची काच फुटली. कपाटातल्या अत्तराच्या बाटल्या रस्त्यावर आल्या. कुणाला लागलं नाही. पण त्या गर्दीत चंपाबाईंचा चेतन उभा होता. दगड त्याने मारला नव्हता, तो नुसता उभा होता आणि जिनतआपांनी त्याला बघितलं. त्यानंतर चंपाबाई शरमेने त्या गल्लीत गेल्या नाहीत आणि आपाही मंडईत लिंबं घ्यायला फिरकल्या नाहीत. गल्लीला म्हणे कित्येक दिवस गुलाबाचा आणि हिन्याचा वास येत होता.

त्या दिवशी शर्मिलाताई खराडीतल्या काचेच्या खोलीत एका जागतिक परिसंवादाची तांत्रिक बाजू सांभाळत होत्या. विषय होता, अफवा रोखण्यात स्त्रियांची भूमिका. निरनिराळ्या देशांतल्या बाया बोलल्या, फार चांगलं बोलल्या. गंज पेठेतलं त्यांना चार दिवसांनी कळलं, तेही चंपाबाई बसस्टॉपवर भेटल्या म्हणून. त्यांना तेव्हाच आपांकडे जायला हवं होतं. पण काय तोंड घेऊन जायचं, असं वाटलं आणि राहिलं. राहिलं ते राहिलंच.

या वर्षी शर्मिलाताई निवृत्त व्हायच्या होत्या. अक्षताने मोठा निरोप समारंभ ठरवला. पडद्यावर देशोदेशीच्या बाया बोलणार होत्या, नैरोबीच्या, फिजीच्या. 'ताई, इथलं कुणाला बोलवायचं ते तुम्ही सांगा,' ती म्हणाली. शर्मिलाताईंनी एकच नाव सांगितलं आणि मेल मी करणार नाही, स्वतः जाऊन येते, असंही सांगितलं.

गंज पेठेत त्या भर दुपारी पोचल्या. दुकानाची काच नवी होती. कासिमभाई गल्ल्यावर बसले होते. आता त्यांना कमी ऐकू येतं, पण ओळख पटली. 'अहो, ऐकलंत का, शर्मिलाबाई आल्यात,' त्यांनी आत हाक दिली. जिनतआपा पडदा सारून बाहेर आल्या. वाळल्या होत्या, केस पूर्ण पांढरे. त्यांनी कापसाचा बोळा अत्तरात बुडवला, शर्मिलाताईंच्या मनगटाला लावला आणि आत नेलं. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला त्या ते लावतात.

चहा आला. आलं घातलेला.

'गुडघे कसे आहेत?' आपांनी विचारलं.

'बरे आहेत.' शर्मिलाताईंनी कप खाली ठेवला. समारंभाचं आमंत्रण द्यायला आल्या होत्या, पण तोंडातून दुसरंच निघालं. 'आपा, कार्यालय हलवायच्या ठरावाच्या वेळी मी तुम्हाला फोन केला नाही.'

'ठाऊक आहे की.'

'तुम्ही मेल बघत नाही हे माहीत असून नाही केला.'

'बघितला होता मी मेल,' आपा म्हणाल्या.

'तुम्ही? मेल?' शर्मिलाताईंनी विचारलं.

'आबेदाने मोबाइलवर बसवून दिलं होतं ना. माझ्या नातीने. म्हणाली, दादी, तुम्हाला दर वेळी वाचून दाखवायला त्या शर्मिलाआंटी किती दिवस बसणार? पहिलाच मेल आला तो तुझा. वाचला सगळा. मराठी छान केलं होतंस तू.'

'मग आक्षेप का नाही कळवलात? एका ओळीत ठराव थांबला असता.'

'थांबवायचा कशाला?' आपांनी साखरेच्या डब्याचं झाकण लावलं. 'तू जिना कशी चढायचीस ते मला दिसत नव्हतं होय? मी तर तुझ्या फोनची वाट बघत होते. म्हटलं, करेल, वाचून दाखवेल, मग दोन शिव्या घालीन. बैठकीचं काय केलंस म्हणून भांडीन. आणि मग म्हणेन, जा बाई, चालतंय. वरचा माळा रिकामाच होता आमचा. कासिमला विचारूनही ठेवलं होतं. मंगळवारची सतरंजी इथे घातली असती. चंपाला चार पावलं जवळच पडलं असतं.'

'तुम्ही म्हणाला नाहीत काहीच.'

'मंगळवारी आले होते. तुझी खुर्ची रिकामी. म्हटलं, डॉक्टरकडे गेली असेल. मग शेवटच्या दिवशी फोन घेऊन बसले इथे दुकानात. तुझा आला नाही. तेव्हा मला कळलं, हिला माझं हो नकोच आहे. हिला माझं गप्प बसणंच पाहिजे. मग गप्प बसले.'

आपांच्या आवाजात राग नव्हता. असता तर शर्मिलाताईंनी तो पदर पसरून घेतला असता. डोक्यावर माळ्याची लाकडी फळकुटं होती. तिथे आता उदबत्तीची खोकी रचलेली होती. शर्मिलाताईंच्या मनात हिशेब आपोआप मांडला जात होता. एक फोन केला असता तर खराडीही मिळाली असती आणि मंगळवारही राहिला असता. चेतन गर्दीत उभा राहण्याआधी कुणीतरी चंपाबाईंना विचारलं असतं, पोरगा कुठाय तुझा. काहीच सोडावं लागलं नसतं. त्यांनी जे चोरून घेतलं, ते त्यांना मागून मिळणार होतं.

त्यांना रडू आलं. त्या रडल्या. आपांनी पाठीवरून हात फिरवला नाही आणि उठूनही गेल्या नाहीत. चहावर साय धरली.

बऱ्याच वेळाने शर्मिलाताईंनी डोळे पुसले आणि पिशवीतून आमंत्रण काढलं. 'शुक्रवारी माझा निरोप समारंभ आहे. गाडी पाठवते. तुम्ही याल का, आपा? तुम्ही यावं असं मला फार वाटतं. पण तुम्ही सांगा.'

जिनतआपांनी आमंत्रण हातात घेतलं, चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं आणि परत त्यांच्या मांडीवर ठेवलं.

'विचारलंस म्हणून सांगते,' त्या म्हणाल्या. 'नको गं बाई.'

शर्मिलाताईंनी मान हलवली. समजूत घालायला, आग्रह करायला त्यांच्याकडे पुष्कळ शब्द होते, पण त्यातला एकही त्यांनी वापरला नाही. एकीचा आक्षेप पुरेसा असतो, हा नियम त्यांनी आयुष्यभर साऱ्या जगाला लिहून पाठवला होता.